इस्त्रीचा तळ आणि त्यावरचे इलाज

इस्त्री कपड्याला चिकटायला लागली की घरात वैद्य उभे राहतात. एकजण मीठ पसरून त्यावरून फिरवायला सांगतो, दुसरी टूथपेस्ट सुचवते, शेजारच्या काकू तापलेल्या तळावर पॅरासिटामॉलची गोळी घासायचा हमखास उपाय देतात आणि तोवर कुणीतरी तारेची घासणी घेऊन मोरीकडे निघालेलं असतं. यातला जवळजवळ प्रत्येक इलाज कुठे ना कुठे लागू पडतो, म्हणूनच तो टिकून आहे. पण ज्या मिठाने एक इस्त्री लख्ख होते त्याच मिठाने दुसरीचा तळ कायमचा खरवडला जातो. प्रश्न दोनच असतात : चिकटलंय काय, आणि तळ कशाचा आहे. ही दोन उत्तरं मिळाल्याशिवाय मिठाच्या बरणीला हात लावू नये.

दुसरा प्रश्न आधी सोडवू, कारण तो सोपा आहे. पिन काढलेली, पूर्ण थंड इस्त्री उलटी करून उजेडात धरा. जुन्या जड इस्त्रीचा तळ लोखंडी किंवा पोलादी असतो आणि त्यावर क्रोमचा मुलामा असतो. तो आरशासारखा चमकतो. हलक्या, साध्या इस्त्रीचा तळ नुसत्या ॲल्युमिनियमचाही असतो. तो पांढुरका आणि जरा मंद दिसतो. काळा, करडा किंवा रंगीत, हाताला गुळगुळीत लागणारा तळ म्हणजे बहुतेक वेळा नॉनस्टिक, म्हणजे तव्यावर असतो तोच टेफ्लॉनचा लेप. वाफेच्या इस्त्रीत स्टीलचा किंवा सिरॅमिकचा लेप दिलेला तळही आढळतो. शंका आली तर डब्यावर किंवा माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. तेही हरवलं असेल तर तळावर लेप आहे असंच धरून चाला. लेप नसताना जपून घासल्याने काही बिघडत नाही. लेप असताना जोरात घासलं तर तो परत येत नाही. टेफ्लॉन २६० अंश सेल्सियसच्या आसपासपर्यंत टिकतं आणि घरगुती इस्त्री साधारण २०० अंशांच्या पुढेमागे थांबते. म्हणजे हा लेप उष्णतेने सहसा मरत नाही. तो घासणीने, शर्टाच्या धातूच्या बटणांनी, पँटच्या चेनने आणि ब्लाउजच्या हुकांनी मरतो.

या तळाच्या वर काय चालतं तेही पाहायला हवं, कारण चिकटण्याचा अर्धा उगम तिथे आहे. विजेच्या इस्त्रीचं पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी १८८२ साली घेतलं, पण लालबुंद तापूनही हवेत जळून न जाणारी तार हाती यायला आणखी वेळ गेला. अल्बर्ट मार्श यांना निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट मिळालं ते १९०६ मध्ये. ही तार तापली की तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच आतल्या धातूला वाचवतो. जुन्या इस्त्रीत अशी चपटी तार अभ्रकाच्या पातळ पत्र्यावर गुंडाळलेली असते. अभ्रक उष्णता सोसतं आणि वीज पुढे जाऊ देत नाही, म्हणून तार तापते पण इस्त्रीच्या अंगात करंट उतरत नाही. हल्लीच्या बहुतेक इस्त्र्यांत तार धातूच्या नळीत बसवून ती नळीच ॲल्युमिनियमच्या तळात ओतलेली असते. त्यामुळे जुन्या इस्त्रीची कॉइल वायरमन सुटी बदलून देतो, तर नव्या इस्त्रीत कॉइल गेली की तळासकट बदलावी लागते आणि तेवढ्यात नवी इस्त्री येते.

कॉइल स्वतःहून थांबत नाही. तिला थांबवतो थर्मोस्टॅट. दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. तापल्यावर एक जास्त पसरते, दुसरी कमी, म्हणून जोडपट्टी वाकते आणि विजेचा जोड तुटतो. थंड होऊन पट्टी सरळ झाली की जोड पुन्हा जुळतो. वरची चकती फिरवून आपण ही पट्टी किती वाकल्यावर जोड तुटावा तेवढंच ठरवत असतो. लाल दिवा विझला म्हणजे इस्त्री 'तयार' झाली असं आपण समजतो, पण पहिल्या वेळी दिवा विझल्यावरही कॉइलमध्ये साठलेली उष्णता तळाकडे येतच राहते आणि तळ ठरवल्यापेक्षा बराच वर चढतो. नाजूक कपडा नेमका याच वेळी जळतो. दिवा एकदा विझून पुन्हा लागेपर्यंत थांबलात तर तळ खाली उतरून ठरलेल्या तापमानाजवळ येतो.

चकतीवरच्या ठिपक्यांचा ठोकळ हिशेब असा : एक ठिपका म्हणजे ११० अंश सेल्सियसच्या आसपास, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. एक ठिपका नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांना, दोन रेशीम, लोकर आणि पॉलिस्टरला, तीन सुती आणि लिननला. टेरिकॉटसारख्या मिश्र कापडात जो धागा दुबळा असेल त्याच्या मापाने चालायचं. पॉलिस्टर वितळायला साधारण २५० अंशांच्या वर जावं लागतं हे खरं, पण ते त्याच्या खूप आधी मऊ पडतं, आणि मऊ पडलेला धागा तापल्या धातूला धरून ठेवतो. नायलॉन तर त्याहूनही लवकर. यावरून कपड्यांचा क्रम ठरतो. इस्त्री तापायला दोन-तीन मिनिटं पुरतात, निवायला मात्र बराच वेळ लागतो. म्हणून आधी ओढणी, साडीचा फॉल लावलेला काठ, कृत्रिम धाग्याचे ब्लाउज, मग टेरिकॉट, आणि शेवटी सुती. बहुतेक घरांत नेमकं उलट चालतं : शाळेचा पांढरा शर्ट घाईचा, म्हणून आधी तो कडक तापवून, आणि मग 'इस्त्री गरम आहे तोवर' ओढणी.

आता चिकटलेल्या गोष्टींकडे. महाराष्ट्रातल्या घरात सगळ्यात जास्त आढळणारा डाग खळीचा असतो. तांदळाची पेज असो, साबुदाण्याची खळ असो की बाजारातला तयार स्टार्च, ती कापडावर ओलसर किंवा गोळ्यागोळ्याने राहिली की तळावर उतरते, तापते, पिवळी पडते, तपकिरी होते आणि शेवटी कोळसा बनते. धुण्याची पावडर नीट खंगाळली गेली नसेल तर तीही अशीच वागते. पुष्कळदा 'खळीचा' म्हणून दोष दिलेला डाग खरं तर साबणाचा असतो. या डागांची चांगली बाजू अशी की ते मुळात पाण्यात विरघळणारे असतात. पूर्ण जळून काळे होण्याआधी गाठले तर औषधाची गरजच नाही. इस्त्री कोमट करा, पिन काढा, जुना सुती टॉवेल ओला करून पिळा आणि त्यावर इस्त्री काही मिनिटं नुसती उभी-आडवी फिरवत राहा. निघालेल्या वाफेने थर फुगतो आणि पुसला जातो.

एवढ्याने भागलं नाही तर खायचा सोडा आणि पाणी यांची जाडसर पेस्ट करा. इस्त्री पूर्ण थंड हवी. पेस्ट डागावर लावून थोडा वेळ ठेवा, मऊ फडक्याने गोल घासा, आणि नंतर ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून घ्या. सोड्याचे कण ॲल्युमिनियमपेक्षा किंचित मऊ असतात, म्हणून हा इलाज बऱ्याच तळांना चालतो. नॉनस्टिकवर मात्र फक्त बोटाच्या जोराने. ॲल्युमिनियमवर पेस्ट तासन्‌तास ठेवू नका, अल्कलीने त्याची चमक जाते. वाफेच्या भोकांत पेस्ट शिरू देऊ नका. शिरलीच तर कान साफ करायच्या कापसाच्या काडीने किंवा दात कोरायच्या लाकडी काडीने काढा, सुईने नाही.

टूथपेस्टमध्येही घासणारी बारीक भुकटी असते, म्हणून ती काम करते, पण तिच्यात गोडवा, वास, फेस आणणारं द्रव्य असं बरंच काही असतं. ते सगळं पुसून निघेपर्यंत सोड्याने काम उरकलेलं असतं. मला तिचा काही खास उपयोग दिसत नाही.

मीठ हा जुन्या, लेप नसलेल्या तळाचा इलाज. कागदावर किंवा जुन्या सुती कापडावर बारीक मीठ पसरायचं, गरम इस्त्री वाफ बंद ठेवून त्यावरून हलक्या हाताने फिरवायची; मिठाचे कण डाग खरवडून आणि उचलून नेतात. नंतर तळ ओल्या फडक्याने पुसून कोरडा केलाच पाहिजे, कारण राहिलेलं मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि धातू खातं. कोकणात पावसाळ्यात हे विसरलात तर आठवडाभरात ठिपके दिसतील. मीठ आणि लिंबू एकत्र करून घासायचा सल्ला तर ॲल्युमिनियमच्या बाबतीत सरळ नाकारावा : आम्ल आणि मीठ मिळून त्या धातूला खड्डे पाडतात. पितळेच्या देवांना शोभणारा उपाय इस्त्रीला लावू नये.

वितळलेल्या कृत्रिम कापडाचा डाग निराळा. तो पाण्याला दाद देत नाही, कारण तो प्लास्टिकच आहे. इथे उष्णताच उपयोगी : इस्त्री थोडी तापवा, थर मऊ झाला की पिन काढून लाकडी उलथन्याच्या कडेने हलकेच सरकवा आणि जाड सुती कापडावर पुसा. पॅरासिटामॉलची गोळी इथेच लागू पडते, आणि तिच्यात जादू काही नाही. हे औषध साधारण १६९ अंशांना वितळतं. तापलेल्या तळावर त्याचा पातळ, गरम द्रव होतो, तो करपलेल्या थरात आणि त्याच्या खाली शिरतो आणि थर सैल करतो. करायचंच असेल तर गोळी पक्कडीत किंवा चिमट्यात धरा. बोटात धरलेली गोळी संपते तेव्हा बोट तळावर असतं. धूर निघतो, तो नाकाडोळ्यांना झोंबतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि लहान मुलांना लांब. काम झाल्यावर तळ कापडाने पुसा, थंड झाल्यावर ओल्या फडक्याने पुन्हा पुसा, आणि पहिला कपडा म्हणून पांढरा सदरा नव्हे, जुनं फडकं घ्या. वाफेच्या इस्त्रीवर भोकांच्या आसपास हा प्रयोग टाळावा.

टी-शर्टवरच्या छपाईचा रंग, स्टिकरचा गोंद किंवा कॉलरमधल्या चिकटपट्टीचा गोंद लागला असेल तर नेलपॉलिश रिमूव्हर बऱ्याचदा चालतो. त्यात ॲसिटोन असेल तर ते भयंकर ज्वालाग्राही आहे. इस्त्री थंड, पिन बाहेर, गॅस बंद, आणि कापसाचा बोळा तळापुरताच. प्लास्टिकच्या अंगाला लागला तर अंग विरघळून चट्टा पडतो. छपाईचा टी-शर्ट उलटा करून इस्त्री करणं हा याहून स्वस्त उपाय.

लेप नसलेला तळ साफ झाल्यावर जुने लोक त्यावर मेण फिरवत : सुती चिंधीत मेणबत्तीचा तुकडा गुंडाळायचा, कोमट इस्त्री त्यावरून न्यायची आणि लगेच दुसऱ्या चिंधीवर चांगली पुसून काढायची. तळ खरोखर सुळकन्‌ सरकतो. फक्त मेण उरलं तर कपड्यावर तेलकट डाग पडतो, आणि वाफेच्या इस्त्रीत ते भोकं बुजवतं, म्हणून तिथे नकोच.

वाफेच्या इस्त्रीचं खरं दुखणं तळाच्या आत असतं. टाकीतलं पाणी थेंबाथेंबाने तापलेल्या कप्प्यावर पडतं, त्याची वाफ होते आणि ती भोकांतून बाहेर येते. वाफ फक्त पाण्याची असते; पाण्यातले क्षार मागे राहतात. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. तापलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे बादलीच्या हीटरवर धरतं तेच पांढरं पुट, खाली बसतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ४०० चं पाणी धरलं तर पाव लिटरच्या टाकीमागे १०० मिलिग्रॅम, म्हणजे दहा टाक्यांत साधारण एक ग्रॅम क्षार त्या बोटभर कप्प्यात येतात. सगळे चिकटत नाहीत, पण पुरेसे चिकटतात. तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं पाणी पावसाचं आणि मऊ, म्हणून मुंबईच्या नळावर वर्षानुवर्षं चाललेली इस्त्री मराठवाड्यात बदली झाल्यावर बोअरच्या पाण्याने काही महिन्यांत पांढरे खडे थुंकू लागते. दोष इस्त्रीचा नसतो.

उपाय आधी पाण्याचा. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर उत्तम, आरओचं पाणीही चांगलं. सॉफ्टनर बसवलेल्या नळाचं पाणी मात्र फसवं : त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, एकूण क्षार कमी होत नाहीत. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही नको. त्यात धूळ, बुरशी आणि नळ्यांची घाण असते. वास यावा म्हणून टाकीत गुलाबपाणी किंवा अत्तर घालणाऱ्यांच्या इस्त्रीतून तपकिरी थेंब पडतात. ती कप्प्यात करपलेली द्रव्यंच असतात.

साचलेले क्षार काढायला बऱ्याच इस्त्र्यांना 'सेल्फ क्लीन'ची कळ असते. टाकी भरायची, चकती सर्वांत वर न्यायची, दिवा विझेपर्यंत तापवायचं, मग पिन काढून इस्त्री मोरीवर आडवी धरायची आणि कळ दाबून पुढे-मागे हलवायची. उकळतं पाणी, वाफ आणि खडे एकदम बाहेर पडतात, त्यामुळे पाय आणि दुसरा हात दूर. बोअरचं पाणी वापरत असाल तर हे महिन्यातून एकदा.

त्यानेही भोकं मोकळी झाली नाहीत तर आम्ल लागतं. अनेक कंपन्या माहितीपत्रकात व्हिनेगर घालू नका असं स्पष्ट सांगतात, आणि त्याला कारण आहे : आम्ल क्षार विरघळवतं तसंच रबरी वॉशर आणि कप्प्याचं ॲल्युमिनियमही खातं. तशी ताकीद असेल तर ती पाळा. नसेल तर पाव लिटर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व पुरे. एक ग्रॅम क्षाराला सव्वा ग्रॅमच्या आसपास लिंबूसत्त्व लागतं, तेव्हा चमचाभर म्हणजे उदारच झालं. मूठभर घालून काही जास्त साधत नाही. इस्त्री तापवा, पिन काढा, थोडी वाफ सोडा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मोरीवर हलवून रिकामी करा आणि मग साध्या पाण्याच्या दोन टाक्या वाफ करून जुन्या फडक्यावर काढा. रात्रभर आम्ल भरून ठेवायचं नाही.

वाफेच्या इस्त्रीतून पाणी गळतं ही तक्रार मात्र पुष्कळदा बिघाडाची नसते. एका ठिपक्यावर वाफ सुरू केली तर कप्पा पुरेसा तापलेला नसतो, पाण्याची वाफ होत नाही आणि ते तसंच खाली येतं. वाफ दोन-तीन ठिपक्यांवरच सोडा. काम संपलं की टाकी रिकामी करून इस्त्री उभी ठेवा.

राहिली वायर. इस्त्रीची वायर सगळ्यात आधी जाते ती अंगाशी, जिथे ती मानेतून बाहेर येते, कारण दर फेरीला ती तिथेच वाकते. गरम इस्त्रीभोवती वायर गुंडाळायची सवय तिला आणखी लवकर संपवते. आवरणाचे धागे सुटलेले दिसले, किंवा वायर हलवली की दिवा लुकलुकला, तर टेप गुंडाळून पुढे ढकलू नका, वायर बदला. १००० वॉटची इस्त्री २३० व्होल्टवर साधारण सव्वाचार अँपिअर ओढते, ६ अँपिअरच्या बोर्डाला ती चालते. २००० वॉटची पावणेनऊ अँपिअर ओढते आणि तिला १६ अँपिअरचा बोर्डच हवा; टीव्हीच्या एक्स्टेंशनवर लावली तर पिना काळ्या पडतात आणि प्लास्टिक मऊ होतं. तीन पिनांतली जाड पिन अर्थिंगची आहे. तिचा दोन पिनांच्या बोर्डात शिरण्यासाठी बळी देऊ नये. इस्त्रीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, टेस्टर लावल्यावर दिवा उजळला किंवा इस्त्री लावताच घराचा ईएलसीबी पडू लागला, तर दोष आतल्या अभ्रकात असेल किंवा घराच्या अर्थिंगमध्ये. दोन्ही वायरमनने पाहायच्या गोष्टी आहेत. आणि त्याने 'फ्यूज सारखा उडतो, डायरेक्ट करून देतो' असं म्हटलं तर दुसरा वायरमन शोधा. तो फ्यूज थर्मोस्टॅट अडकल्यावर घर वाचवण्यासाठीच बसवलेला असतो.

नवी घ्यायची वेळ आलीच तर आयएसआयचा शिक्का बघा आणि त्याआधी घरातलं पाणी बघा. बोअरचं पाणी असेल आणि डिस्टिल्ड वॉटर आणत बसणं होणार नसेल, तर वाफेच्या इस्त्रीच्या वाटेला जाऊ नका. चांगल्या जड तळाची साधी इस्त्री आणि पाण्याच्या फवाऱ्याची बाटली यावर घरातले सगळे कपडे होतात.